कांद्याची निर्यात हीसुद्धा राष्ट्रीय धोरणाचीच बाब आहे : दिंडोरीत उमेदवाराला काय विचारायचं?

चांदवडची_लेक
११ मे २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. २० तारखेला आपल्याकडे मतदान. मी राहते गंगापूर रोडला, पण नाव अजून गावच्या यादीत आहे, म्हणजे चांदवड, म्हणजे दिंडोरी लोकसभा. लिहिणं जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी माझी बाजू सांगते. आमचं घर उजव्या विचारांचं. आजोबा जनसंघाच्या पणतीवर शिक्का मारायचे. नाना (माझे वडील) कमळ सोडून दुसरीकडे गेलेले मला आठवत नाहीत. मीही आजवर तिथेच आहे, मला ते विचार पटतात म्हणून. तेव्हा खालचं लिखाण कुणी समोरच्या पक्षाचा प्रचार समजू नये.

दिंडोरीत महायुतीच्या उमेदवार डॉ. भारती पवार. २०१९ ला निवडून आल्या, २०२१ पासून केंद्रात आरोग्य राज्यमंत्री. आपल्याकडे खासदाराची पक्षापेक्षा निराळी अशी राष्ट्रीय भूमिका फारशी नसतेच. व्हिप मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली खासदारकीवरच गदा येते. म्हणून पक्षाचं संकल्पपत्र तीच उमेदवाराची भूमिका असं धरलं आणि १४ एप्रिलला आलेलं ते पत्र नानांच्या शेजारी बसून वाचून काढलं.

बरंचसं पटलं. ३७० कलम ५ ऑगस्ट २०१९ ला गेलं, गेल्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानेही ते ग्राह्य धरलं, माझ्यापुरता तो विषय संपला. नागरिकत्व कायद्याचे नियम ११ मार्चला आले, त्यालाही माझा पाठिंबा. समान नागरी कायदा हवा. एक देश एक निवडणूक हवी. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं कवच देणार म्हणतात, नाना एकाहत्तरचे आहेत, तेही चांगलंच. संरक्षणाचं आम्हा नाशिककरांना वेगळं सांगायला नको, ओझरला सुखोई जुळवलेली आपण पाहिलीत, देवळालीत तोफखान्याची शाळा आहे.

मग नानांनी चष्मा काढून विचारलं, "कांद्याचं कुठंय?"

कांदा-टोमॅटो-बटाट्याचे क्लस्टर करू, साठवणूक वाढवू, असं आहे. पण पुढची पाच वर्षं निर्यात मधेच अडवणार नाही, असा शब्द मला त्यात सापडला नाही. इथेच माझं घोडं अडलंय.

आपल्या भागातल्या लोकांना तारखा तोंडपाठ आहेत, तरी एका जागी असाव्यात म्हणून लिहिते. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, ती १५ मार्च २०२० ला उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ पर्यंत. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबर २०२३ पासून सरळ बंदी. ती आत्ता ४ मेला उठली, मतदानाला सोळा दिवस राहिले असताना.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही कांद्याची साठवणीची चाळ फोडली त्याच आठवड्यात ते ४० टक्के आले. एप्रिलमध्ये भरलेला उन्हाळ कांदा चार महिने राखायचा म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. पाऊस सुरू झाला की रोज चाळीत शिरून वास घ्यायचा. आंबूस वास आला की त्या बाजूचा थर उपसायचा, सडका वेगळा, मोड आलेला वेगळा, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी. माझी आई संध्याकाळी हात धुवायची तेव्हा पाणी काळं निघायचं, काजळीचं. शंभर गोण्या भरल्या तर शंभर कधीच बाहेर निघत नाहीत. ही जोखीम आम्ही घेतो, कारण पुढे भाव मिळेल अशी आशा असते. तो मिळायची वेळ आली की दिल्लीतून एक कागद निघतो.

डिसेंबरात लाल कांदा होता. तो साठवता येत नाही, काढला की विकायचा. जानेवारीतली एक पट्टी (विक्रीची पावती) नानांनी देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलीय : १,४५० रुपये क्विंटल, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा. ११ डिसेंबरला चांदवडला शरद पवार रास्ता रोकोला आले होते. अख्खं गाव गेलं. नाना गेले नाहीत. "तो आपला पक्ष नाही" म्हणाले आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिले. आपल्याच माणसांवर राग काढायला जागा नसते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण उजवे म्हणजे काय मानतो? माणसाच्या कष्टाची मालमत्ता त्याची, आणि सरकारने बाजारात कमीत कमी हात घालावा. १९५९ मध्ये राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला तो याच मुद्द्यावर. आपल्या भागात हेच शरद जोशींनी सांगितलं, १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात : भीक नको, हवे घामाचे दाम. मग ३७० वर ठाम असणाऱ्या उमेदवाराने निर्यातबंदीवरही तितकंच ठाम असायला हवं. ही मागणी मी डाव्यांकडून करणार नाही, त्यांचा बाजारावर विश्वासच नाही. मी ती आपल्या माणसांकडून करतेय.

एक गोष्ट तर मला आजही समजत नाही. कांदा-बटाटा जीवनावश्यक वस्तूंच्या रोजच्या जाचातून सोडवणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं १५ सप्टेंबर २०२० ला. त्याच्या आदल्या दिवशी निर्यातबंदी. आणि २३ ऑक्टोबरला साठ्यावर मर्यादा, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन. त्या कृषी कायद्यांच्या बाजूने मी गावात भांडले होते. महिनाभरात मला बोलायला तोंड राहिलं नाही.

तुम्ही उमेदवाराला कशावर जोखता?

सिडकोतला_फिटर
११ मे, रात्री १०.५५

ताई, तुमचं दुःख समजलं, खोटं म्हणणार नाही. पण आमचंही ऐका. मी अंबड एमआयडीसीत कंत्राटावर आहे. गेल्या नोव्हेंबरात सिडकोच्या बाजारात मी साठ रुपयांनी कांदा घेतलाय, नाशिकमध्ये राहून! आमच्यात पाच माणसं, भाजी परवडली नाही की कांदा-भाकर, आणि कांदाही परवडेना तर चटणी. सरकारने बंदी घातली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. गरिबाचं ताट सांभाळणं हेही राष्ट्रीय धोरणच ना? ऐंशी कोटी लोकांना फुकट रेशन आणखी पाच वर्षं, हे मला तरी मोठं काम वाटतं.

आणि सरकार घाबरतं ते उगाच नाही. १९९८ ला दिल्लीत सुषमा स्वराज मुख्यमंत्री होत्या, कांद्याने सरकार गेलं. ते कुणी विसरलेलं नाही.

भगूरकर
१२ मे, सकाळी ७.१०

मी पंचाहत्तरीचा, सावरकरांच्या गावचा. पोरी, तुझ्या आजोबांच्या पणतीची आठवण काढलीस, बरं वाटलं. आम्हीही त्याच पणतीचे. आणीबाणीत आमच्या आळीतली माणसं नाशिकरोडच्या जेलात होती.

माझं मत वेगळं आहे. लोकसभेचं मत सीमेसाठी, सैन्यासाठी, परराष्ट्र धोरणासाठी द्यायचं असतं. कांद्याचा भाव आज पडतो, उद्या चढतो. ३७० पुन्हा आणलं तर ते काढायला आणखी सत्तर वर्षं लागतील. मोठ्या कामासाठी छोटं सोसावं लागतं, आम्ही पुष्कळ सोसलं.

चांदवडची_लेक
१२ मे, सकाळी ९.०२

काका, तुमच्या पिढीने जे सोसलं त्याच्यापुढे मी काय बोलणार. पण ते सोसणं तुम्ही स्वतः पत्करलं होतं. नानांना कुणी विचारलं नाही, परस्पर त्यांच्या वाट्याला टाकलं. आणि दर दीड-दोन वर्षांनी तेच घर, तीच चाळ.

फिटरदादा, तुमच्या साठ रुपयांवर मी रात्री बराच विचार केला. तुमच्या ताटात कांदा स्वस्त असावा हे मलाही मान्य आहे. प्रश्न असा की त्याची किंमत कुणी भरायची? रेशनचा गहू फुकट देताना सरकार पंजाबातल्या शेतकऱ्याला हमीभाव देतं आणि फरक तिजोरीतून भरतं. कांद्याला हमीभाव नाही. तिथे फरक थेट आमच्या पट्टीतून कापला जातो. सरकारने बाजार समितीत उतरावं, उघड्या लिलावात बोली लावून कांदा घ्यावा, साठवावा, आणि सिडकोत पंचवीस रुपयांनी विकावा, तुम्हाला आणि मला दोघांनाही चालेल. त्यासाठी भाव स्थिरीकरण निधी आहेच, गेल्या वर्षी पाच लाख टनांपर्यंत राखीव साठा करायचं ठरलं होतं. मग सीमा कशाला बंद करायची?

गेल्या वर्षी राज्याने फेब्रुवारी-मार्चात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलपर्यंत. नानांनी घेतलं, नाही असं नाही. पण सातबाऱ्यावर पिकाची नोंद आणि विक्रीच्या पट्ट्या गोळा करताना ते म्हणाले, "माझ्याच मालाचे पैसे मला अर्ज करून."

पेठचा_वारली
१२ मे, दुपारी १.२५

दिंडोरी राखीव मतदारसंघ आहे, अनुसूचित जमातीसाठी, हे धाग्यात अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या डोंगरात कांदा नाही, नागली-वरई आणि भात. पोरं द्राक्षाच्या छाटणीला निफाड-दिंडोरीत येतात.

ताईंनी समान नागरी कायदा हवा असं एका ओळीत लिहिलं. आमच्यासाठी ती एक ओळ नाही. आमच्यात लग्न धवलेरी लावते, म्हणजे बाई लावते, गाणी म्हणून. देज मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. कुणाला हे मागासलेलं वाटेल, मला त्यात बाईचा मान दिसतो. कायदा एकच झाला तर याचं काय? उत्तराखंडने फेब्रुवारीत जो कायदा केला त्यातून अनुसूचित जमातींना वगळलंय. मग राखीव जागेवर उभ्या असलेल्या प्रत्येक उमेदवाराने, कुठल्याही पक्षाच्या, इथे सुरगाणा-पेठच्या सभेत सांगावं की देशाचा कायदा करतानाही तसंच वगळाल की नाही.

दुसरं वनहक्काचं. कायदा २००६ चा. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्यांत माझी आई होती. पायाची सालं निघाली होती. दावे अजून पडून आहेत. हे पण राष्ट्रीय धोरणच आहे.

चांदवडची_लेक
१२ मे, दुपारी २.४०

दादा, चुकलं माझं. हवा म्हणताना मी हा विचार केला नव्हता. धवलेरीबद्दल मला माहीतच नव्हतं, इतक्या जवळ राहून. तुमची चालीरीत राखून कायदा होत असेल तरच मी त्याच्या बाजूने, असं आता म्हणेन. परंपरा जपायची म्हणणाऱ्यांनी तुमची परंपरा वगळून कसं चालेल.

खडू_फळा
१२ मे, रात्री ८.३०

जि.प. शिक्षक. एक देश एक निवडणूक याबद्दल थोडं. २०१९ ला एप्रिलमध्ये लोकसभा, ऑक्टोबरात विधानसभा. यंदाही आत्ता लोकसभा आणि दिवाळीच्या आसपास विधानसभा. प्रत्येक वेळी मतदारयाद्या, प्रशिक्षण, आदल्या दिवशी यंत्रं ताब्यात घेणं, रात्री वर्गातल्या फरशीवर झोपणं. माझ्या चौथीच्या वर्गाचे किती दिवस गेले ते मी मोजतो. कोविंद समितीने १४ मार्चला अहवाल दिला, लोकसभा-विधानसभा एकत्र आणि त्यानंतर शंभर दिवसांत स्थानिक संस्था. मला हे मनापासून हवंय.

पण नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासकच आहे. एकत्र निवडणुकीच्या गोष्टी करणाऱ्यांना आधी ही एक साधी निवडणूक वेळेवर घ्या असं सांगावंसं वाटतं.

पिंपळगावचं_खळं
१३ मे, रात्री ११.१५

व्यापारी आहे, शिव्या खायची सवय आहे. ४ तारखेला बंदी उठली म्हणून पेढे वाटणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो.

किमान निर्यात मूल्य ५५० डॉलर टन. त्यावर ४० टक्के शुल्क, म्हणजे २२० डॉलर. झाले ७७०. रुपयांत किलोला ६४ च्या आसपास. त्याच्याखाली माल बाहेर जाऊच शकत नाही. दुबई-कोलंबोचा खरेदीदार पाकिस्तान, इजिप्त, चीन यांचा दर बघतो आणि फोन ठेवतो. बंदी कागदावरून उठली, दार अर्धंच उघडलंय.

दुसरं नुकसान कुणाला दिसत नाही. निर्यात म्हणजे नळ नव्हे की हवा तेव्हा सोडला. बाहेरच्या गिऱ्हाइकाला आकार, रंग, गोणीचं वजन सगळं ठरलेलं लागतं, वर्षानुवर्षं एकाच हाताचा माल लागतो. गेल्या ऑगस्टमध्ये शुल्क एका रात्रीत आलं तेव्हा न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवरचा माल तसाच अडकला. मी ज्याला पंधरा वर्षं माल दिला त्याने डिसेंबरनंतर सांगितलं, भाई, तुमच्या सरकारचा भरवसा नाही. बांगलादेश आपलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं, ते आता दुसरीकडे बघायला शिकलं.

आणि एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वेगळी परवानगी मिळाली. त्यानंतर एक-दोन दिवसांत सहा देशांसाठी ९९,१५० टनांची घोषणा झाली, पण तोवर नाशिकमध्ये जे मनात बसायचं ते बसलं. आकडा लहान होता, घाव मोठा झाला.

सिडकोतला_फिटर
१४ मे, सकाळी ६.५०

खळेवाले दादा, ६४ चा हिशेब पहिल्यांदा समजला. ताई, उघड्या लिलावात सरकारने खरेदी करायची, हे मला पटतं. तसं झालं तर माझी तक्रार नाही. पण नाफेडचा (केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या संस्थेचा) कांदा गेल्या वर्षी आमच्या सिडकोत आलाच नाही, मी तरी पाहिला नाही. तो मोठ्या शहरांत जातो. तेही उमेदवाराला विचारा.

निफाडचा_तरुण
१५ मे, रात्री १०.२०

आज पंतप्रधानांच्या पिंपळगावच्या सभेला होतो. उन्हात तीन तास. भाषण चालू असताना एक पोरगा उभा राहून ओरडला, कांद्यावर बोला. माझ्यापासून बराच लांब होता, पण आवाज आला. आजूबाजूला मोदी मोदी सुरू झालं, त्याला पोलिसांनी बाहेर नेलं. कांद्याचा उल्लेख भाषणात झाला, राखीव साठ्याचा वगैरे. पण मी परत येताना गाडीत सगळे त्या पोराबद्दलच बोलत होते. आमच्या गाडीत सगळे कमळवालेच होते.

भगूरकर
१६ मे, सकाळी ७.३०

तो मुलगा कोण, कुठल्या पक्षाचा, मला ठाऊक नाही. पण भर सभेत शेतकऱ्याच्या पोराला ओरडावं लागतं याचा अर्थ त्याचं कुणी आधी ऐकलं नाही. आमच्या काळी कार्यकर्ता ओट्यावर येऊन बसायचा, चहा घ्यायचा, शिव्या खायचा आणि त्या वर पोचवायचा. ते थांबलंय. मी माझं मत बदललेलं नाही, पण पोरी, तुझा प्रश्न मी आमच्या मंडलाच्या बैठकीत मांडणार आहे. लिहून दे.

चांदवडची_लेक
१६ मे, रात्री ९.१५

काका, लिहून देते. इथेच ठेवते म्हणजे कुणालाही वापरता येईल, कुठल्याही उमेदवारासमोर.

"कांद्यावर निर्यातबंदी, शुल्क किंवा किमान मूल्य लावायचं झाल्यास त्याची पूर्वसूचना निदान एक हंगाम आधी द्यावी, आणि तशी वेळ आलीच तर पडलेल्या भावातला फरक केंद्राने विनाअर्ज भरावा, यासाठी तुम्ही संसदेत आणि पक्षाच्या बैठकीत बोलाल का? हो की नाही?"

पेठच्या दादांचा प्रश्न त्याखाली जोडलाय. त्यांनी शब्द तपासून दिले.

नानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हंगामाचं ठेव, फरकाचं काढून टाक. पैसे मागायचे नाहीत. मी काढलं नाही. आमचं त्यावर अजून एकमत नाही.

पिंपळगावचं_खळं
२३ मार्च २०२५, सकाळी १०.०५

धागा वर काढतोय. २० टक्के उरलेलं निर्यातशुल्क १ एप्रिलपासून शून्य. काल अधिसूचना निघाली. किमान मूल्य सप्टेंबरमध्येच गेलं होतं. दिंडोरीचा लोकसभेचा निकाल, एक लाखाहून जास्त फरकाने शरद पवार गटाचे भास्कर भगरे, त्यातून कुणीतरी काहीतरी वाचलं असणार. ताई, नाना कसे आहेत?

चांदवडची_लेक
२३ मार्च २०२५, दुपारी ३.३०

बरे आहेत दादा. उन्हाळ काढणी चालू आहे. गेल्या मेमध्ये आमच्या घरातली मतं पहिल्यांदा वेगवेगळी पडली. कुणाचं कुठे गेलं ते विचारू नका, घरातही कुणी विचारलं नाही.

शुल्क उठल्याचं मी फोनवर सांगितलं. शेतातच होते, मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. म्हणाले, "बरं झालं. किती दिवसांसाठी?" मी म्हटलं, अधिसूचनेत तसं काही लिहिलेलं नाही. मग म्हणाले, चाळीचे पत्रे बदलायचे आहेत, यंदा जास्त भरतो, रविवारी येशील का मोजमाप घ्यायला. जाणार आहे.